फळ्यावरून मी पुसलेली ओळ

हे सांगायचं मी पंचवीसहून जास्त वर्षं टाळलं. म्हणजे अर्धं सांगितलं. जयंतीच्या सभांमध्ये, शिबिरांमध्ये, माईकसमोर उभा राहून सांगितलं. माझा अपमान कसा झाला, तेवढंच. त्यावर टाळ्या पडायच्या आणि मी खाली बसायचो. उरलेलं अर्धं घशाशी यायचं आणि पाण्याच्या घोटाबरोबर परत आत जायचं. आता वय अठ्ठ्याहत्तर. आता पूर्ण सांगतो.

आधी टाळ्यांचा भाग.

नेरूळ. नीलाताईंच्या रो-हाऊसमधली बैठकीची खोली. नीलाताई आमच्या सेक्टरच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाची मासिक बैठक होती आणि मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर. मंडळात पुरुष मी एकटा, तोही सभासद नाही. मी चौकातला मंडळाचा फळा लिहायचो. त्या दिवशी एक नवी सभासद चहा वाटत होती. तिने ट्रे माझ्यापुढे धरला. पांढरे कप, सोनेरी काठ, खाली बशा. मी एक उचलला. ओठाला लावणार, तेवढ्यात नीलाताई सोफ्यावरून उठल्या आणि माझ्या हातातून कप काढून घेतला. ओढला नाही. अलगद काढून घेतला, लहान मुलाच्या हातातून काच काढून घेतात तसा.

"अगं, ह्यांना नको हा. ह्यांचा वेगळा आहे."

"वेगळा का?" नवीन बाईने साधेपणाने विचारलं.

"अगं, घरचेच ते. स्वतःचा कप असला की कसं, आपुलकी वाटते. हो ना हो?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. खिडकीच्या जाळीत मनीप्लांटच्या बाटलीशेजारी माझा कप होता. निळ्या रेघेचा, दांडा तुटलेला. मी तो आणला. चहा प्यालो. बाहेर बागेच्या नळावर धुतला आणि परत जाळीत ठेवला.

इथे टाळ्या.

नीलाताईंना माझी जात ठाऊक होती. शहर उभारणाऱ्या ज्या कचेरीत त्यांचे मिस्टर मोठे इंजिनियर होते, तिथेच मी आरेखन शाखेत ट्रेसर होतो. नकाशांवर अक्षरं काढायची, रेघा ओढायच्या. जातीच्या दाखल्यावर लागलेली नोकरी साहेबाला माहीत असतेच. साहेबाने बायकोला सांगितलं. बायकोने मला सांगितलं, हळू आवाजात, "मी बाई कुणाला बोलले नाहीये हं. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

कारण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच ते माहीत नव्हतं. आमचं आडनाव गावाच्या नावावरून होतं, त्यातून काही कळत नसे. निळ्या कोटातल्या, हातात पुस्तक धरलेल्या त्या माणसाची तसबीर आमच्या घरी होती, पण भिंतीवर नव्हती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. कपाट उघडलं की दर्शन, बंद केलं की सोसायटी.

मंडळ वाईट नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर हे पुन्हा अर्धंच होईल. त्या बायकांनी रस्त्यावरच्या दिव्यांसाठी कचेरीत हेलपाटे घातले. खाणीच्या वस्तीतल्या पोरांना शाळेत घालताना हेडमास्तरांशी भांडल्या. महापालिका नवी होती, पहिली निवडणूक तोंडावर आली होती, तेव्हा मतदारयादीत नावं घालायचं काम त्यांनी घेतलं. कामवाल्यांसाठी रविवारी दुपारी साक्षरता वर्ग काढला. तो मी घ्यायचो. आणि फळा. दूध केंद्राशेजारी लोखंडी चौकटीत टांगलेला मोठा काळा फळा. रॉकेल कधी येणार, पाणी कधी जाणार, पोलिओचा डोस कुठे, यादीत नाव घालायची शेवटची तारीख कोणती. रोज सकाळी साडेसहाला मी तो लिहायचो आणि मग ऑफिसला जायचो. दूध घ्यायला आलेली माणसं पिशवी हातात घेऊन वाचत उभी राहायची.

फळ्याचा एक नियम होता. मीच केलेला. ऐकीव लिहायचं नाही. स्वतः पाहिलेलं, खात्रीचं, तेवढंच. वर्गात मी हा नियम फार रुबाबात सांगायचो.

त्या वर्गात सुभद्रा होती. जालन्याकडची. नवरा डोंगरापलीकडच्या दगडखाणीत, ही सेक्टरमधल्या पाच घरी भांडी-फरशी करायची. त्या पाचांत नीलाताईंचं घर होतं आणि माझंही. माझी बायको मंगल दवाखान्यात नर्स होती, तिच्या ड्यूट्या असायच्या, म्हणून आम्ही बाई ठेवली होती.

आता दुसरा अर्धा भाग सुरू होतो. तो माझ्या स्वयंपाकघरातून सुरू होतो.

सुभद्रा कामाला लागली त्याच आठवड्यात शेजारच्या वहिनी डोकावल्या. "कप वेगळा ठेवलायत ना तिचा? ठेवा हं मंगलताई. नाहीतर ह्या डोक्यावर बसतात." मंगल हो म्हणाली. संध्याकाळी ती बाजारातून एक स्टीलचा पेला घेऊन आली. तो भांड्यांच्या रांगेत सर्वांत मागे ठेवला. मी बघितलं.

"हे काय?"

"सगळे ठेवतात. आपण नाही ठेवला तर विचारतील, ह्यांना कसं चालतं? मग ओळखतील."

 मला ते पटलं. हेच लिहायला मला इतकी वर्षं लागली. मला ते पटलं. ज्या माणसाचा कप जाळीत होता, त्याने आपल्या घरात एक पेला मागे सारला आणि त्याला बरं वाटलं, की आता आपण बाकीच्यांसारखे दिसतो.

सुभद्रा वर्गात सगळ्यांच्या पुढे गेली. तिची एक खोड होती. ती आधी पट्टी धरून शिरोरेषा ओढायची, ओळभर, एका दमात. मग त्या रेघेला एकेक अक्षर टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. मी म्हटलं, "अगं सुभद्रा, आधी अक्षर, मग रेघ." ती म्हणाली, "न्हाई साहेब. आधी दोरी. दोरी न्हाई तर टांगू कशाला?" सगळ्या बायका हसल्या. मी सोडून दिलं.

मतदारयादीच्या कामात नीलाताईंनी युक्ती काढली. कामवाल्यांना घरोघरी सहज जाता येतं, तर घरांचा तक्ता त्यांच्याकडूनच भरून घ्यावा. घर क्रमांक, माणसं किती, नावं यादीत आहेत का. सुभद्राने एकटीने चार बिल्डिंगा केल्या. एक चूक नाही. नीलाताईंनी बैठकीत तिचं कौतुक केलं आणि जाहीर केलं, "जूनपासून आपल्या बालवाडीत सुभद्रा मदतनीस." सुभद्रा दाराशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. त्या नोकरीचा अर्थ ती मला पुढच्या रविवारी सांगून गेली. "पाच घरची खरकटी सुटली. पोरीच्या शाळंत आईचं काम काय म्हून विचारत्यात, तवा सांगाया काहीतरी झालं."

त्याच दिवसांत एकदा मंगलने तिच्यासमोर कपाट उघडलं. सुभद्रा खाली फरशी पुसत होती. तिने मान वर केली, तसबीर पाहिली, परत फडकं पिळलं.  रविवारी वर्ग संपल्यावर मागे थांबली.

"दादा," ती म्हणाली.

तोवर मी साहेब होतो.

"दादा, माझ्याकडं बी हाय तसाच फोटू. म्या दारातच लावलाय."

एवढं बोलून गेली. मला तिचा राग आला. तेही लिहितो. मला भीती वाटायला हवी होती किंवा लाज. मला राग आला.

मे महिना सरत आला. एका रविवारी सुभद्राचं वर्गात लक्ष नव्हतं. मी कारण विचारलं. आदल्या दिवशी नीलाताईंनी तिला बालवाडीचं काम समजावून सांगितलं होतं. पोरांना कसं बसवायचं, खाऊ कसा वाटायचा. आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "तिथे बाईंना चहा असतो. तुलाही मिळेल. येताना आमच्याकडचा तुझा कप घेऊन ये."

"म्हंजे कामं सुटली तरी कप काय सुटत न्हाई," सुभद्रा म्हणाली.

मी खडू गोळा करत होतो.

"दादा, फळ्यावर आपल्या डोळ्यानं बगितल्यालंच लिवायचं ना?"

"हो."

"मंग ठीक."

मी पुढे विचारलं नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी चौकात पोचलो, तर फळा लिहिलेला होता. खडूचा डबा दूध केंद्राच्या खिडकीत असायचा, कुणालाही घेता यायचा. वर एक लांब शिरोरेषा होती, पट्टीने ओढलेली. तिला टांगलेलं होतं:

घर क्रमांक. कामवालीचा कप. कुठे ठेवतात.

मतदारयादीचा तक्ता होता तो. तोच नमुना, रकाने बदललेले.

बी-३, घर सात. वेगळा. मोरीत.

बी-५, घर दोन. वेगळा. गॅलरीत, झाडूपाशी.

सी-१, घर चार. वेगळा नाही. सगळ्यांचा एकच.

रो-हाऊस अकरा. वेगळे दोन. खिडकीच्या जाळीत. एक कामवालीचा. एक फळा लिहिणाऱ्या दादाचा.

बी-७, घर नऊ. वेगळा. भांड्यांच्या मागे.

खाली: मी काम करते ती घरे. स्वतः पाहिलेले.

जिथे भेद नव्हता, ते घरही तिने सोडलं नव्हतं. कुणाला एक शब्द वाईट लिहिला नव्हता. माझ्या नियमाला धरून माझ्या फळ्यावर त्याहून खरी बातमी कधी लागली नव्हती.

बी-७, घर नऊ. ते माझं घर.

मी आजूबाजूला पाहिलं. दूध केंद्राचा पाटील, मूळ नेरूळ गावचा माणूस, क्रेट उतरवत होता, पाठमोरा. मी शर्टाच्या बाहीने शेवटची ओळ पुसली. आधी ती. मग वरच्या ओळीतला 'एक फळा लिहिणाऱ्या दादाचा' एवढा तुकडा पुसला. बाकीचं पुसायला हात उचलला, तोवर पाटील वळला होता.

"मास्तर, आज बातमी जाम गरम हाय!" तो मोठ्याने वाचायला लागला. दोन पिशव्या थांबल्या, मग चार, मग दहा. मी ऑफिसला निघून गेलो. बाही दिवसभर पांढरी होती.

संध्याकाळी पाचला नीलाताईंकडे बोलावणं. फळा चौकटीतून काढून तिथे आणला होता, भिंतीला टेकवून ठेवला होता. मंडळाच्या दहाएक बायका सोफ्यावर, खुर्च्यांवर. पाच कामवाल्या दाराशी उभ्या. त्यांत सुभद्रा.

"मला राग आलेला नाहीये," नीलाताई म्हणाल्या. "मला दुःख झालंय. ज्यांच्यासाठी आपण उन्हातान्हात फिरलो, त्यांनी आपल्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या. निवडणूक आली की लोकांना असं बरं सुचतं."

बी-५ मधल्या सेक्रेटरी कुंदाताई म्हणाल्या, "आणि 'वेगळे दोन' म्हणे! दोन कुठले हो नीलाताई?" माझा जाळीतला कप त्यांनीही पाहिलेला होता.

नीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. "काय माहीत बाई. लिहायचं म्हणून काहीही लिहायचं."

मग सगळा आवाज मऊ करून मला म्हणाल्या, "तुम्ही अक्षरातले जाणकार. ह्या सगळ्या तुमच्याच विद्यार्थिनी. सांगा, कुणाचं आहे हे?"

तेव्हा सी-१ मधल्या रुकय्याबाई बोलल्या. उरणकडच्या, निवृत्त शिक्षिका. "अक्षर कुणाचं ते विचारताय. लिहिलंय ते खरं की खोटं, हे कुणी विचारायचं?"

"तुमचं बरंय रुकय्याबाई," कुंदाताई म्हणाल्या. "तुमचं घर छान लिहिलंय तिने. तुम्हाला कशाला टेन्शन?"

"छान नाही लिहिलं. आहे ते लिहिलं. तुमचं काय लिहिलंय?"

कुंदाताईंनी फळ्यावरची नजर काढून घेतली. नीलाताई माझ्याकडेच बघत होत्या. त्या नजरेत धमकी नव्हती. धमकी असती तर कदाचित मी उलटलो असतो. त्या नजरेत खात्री होती.

मला म्हणता आलं असतं, ओळखू येत नाही. मला म्हणता आलं असतं, माझंच आहे. मी फळ्याकडे पाहिलं. ती लांब रेघ. टांगलेली अक्षरं. खाली पांढरा फराटा, माझ्या बाहीचा.

"सुभद्राचं," मी म्हणालो.

सुभद्रा फळ्यापर्यंत चालत आली. त्या फराट्याकडे तिने पाहिलं. मग माझ्या बाहीकडे. ती मूर्ख नव्हती. किती ओळी लिहिल्या ते तिला पाठ होतं. तिने तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत माझं सगळं बाहेर आलं असतं. भांड्यांमागचा पेला. कपाटातली तसबीर. जाळीतला कप.

ती नीलाताईंना म्हणाली, "व्हय. माझंच हाय अक्षर. साहेबांनीच शिकिवलंय."

साहेब.

"मग बालवाडीचं आता विसर," नीलाताई म्हणाल्या. "आणि कुणी कुणाला कामाला ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मी कुणाला सांगणार नाही."

बायका गेल्या. दाराशी चपलांचा आवाज झाला. मी उठायला लागलो तर नीलाताई म्हणाल्या, "बसा हो. इतका ताण झालाय, चहा घेऊनच जा." त्या स्वतः आत गेल्या आणि स्वतः चहा घेऊन आल्या. पांढरा कप. सोनेरी काठ. खाली बशी.

"तुम्ही आता आपल्यातलेच," त्या म्हणाल्या.

मी तो चहा प्यालो. पूर्ण. साखर जरा जास्त होती. बशीत सांडलेलाही प्यालो.

सभांमधून हे मी कधी सांगितलं नाही.

निघताना त्यांनी एक कागद दिला. उद्या फळ्यावर लिहायचा मजकूर. 'सोमवारचा मजकूर खोडसाळ व खोटा आहे. मंडळाच्या सर्व घरांत सर्वांना समानतेने वागवले जाते.'

मंगळवारी सकाळी फळा पुसून परत चौकटीत टांगलेला होता. मी कागद बघून लिहायला घेतलं. 'सोमवारचा मजकूर खोडसाळ व' इथपर्यंत लिहिलं. पुढचा शब्द 'खोटा'. नकाशावर मी हजारो अक्षरं काढलीत, चुकीच्या रस्त्यांना नावं दिलीत, न बांधलेल्या बागांवर 'बाग' लिहिलंय. पण हा शब्द हातून उतरेना. मी स्वतःवर चिडलो. काल तोंडातून नाव सहज गेलं होतं. आज खडूतून एक शब्द का जात नाही? पाटील मागून म्हणाला, "मास्तर, हात दुखतंय का?"

मी लिहिलेलं पुसलं. पाटलाकडून पट्टी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा आधी रेघ ओढली. मग लिहिलं:

बी-७, घर नऊ. कामवालीचा कप वेगळा. भांड्यांच्या मागे. सोमवारी ही ओळ फळ्यावर होती. ती मी पुसली. रो-हाऊस अकरामधला दुसरा वेगळा कप माझा आहे, कारण माझी जात. सोमवारचा सर्व मजकूर खरा आहे.

खाली पूर्ण नाव लिहिलं आणि जातही लिहिली. संपूर्ण अक्षरांत, नकाशावर लिहितो तशी. पाटील वाचत होता. या वेळी मोठ्याने नाही.

तिथून मी नीलाताईंकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. मी बाहेरूनच जाळीत हात घातला, माझा कप काढला आणि घरी घेऊन आलो. त्या म्हणाल्या, "अहो, हे काय?" मी म्हणालो, "माझाच आहे ना?" तेवढाच आमचा संवाद. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.

सभांमध्ये मी हे शेवटचंही सांगायचो. कप काढून आणला, तेवढं. लोक उठून उभे राहायचे.

मंगल उभी राहिली नाही. तिला दुपारी बिल्डिंगमधून कळलं. शेजारच्या वहिनींनी दार लावून घेतलं होतं. ती भांडली नाही. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "काल बोलला असतात तर सुभद्राचं काम राहिलं असतं. आज लिहून काय केलंत? स्वतःचं मन तेवढं धुतलंत."

मी जेवलो नाही. पण ती खरं बोलत होती. आणि हा पेला तुझाच आहे, असं उलटून म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. पेला आमचा होता.

दोन दिवसांनी फळा रंगवायला नेला. तो परत आला नाही. वर्ग बंद झाला. नीलाताई निवडून आल्या. त्यांनी काम चांगलं केलं, आमच्या गल्लीतले दिवे त्यांच्याच काळात लागले. त्या दिव्याखालून मी रोज घरी येत होतो.

सुभद्राला गेटवर वॉचमनने आत सोडलं नाही. रुकय्याबाई गेटवर जाऊन भांडल्या, "माझ्या घरी येऊ द्या तिला." वॉचमन म्हणाला, ऑर्डर आहे. म्हणजे मी मंगळवारी लिहिलेलं तिने वाचलंच नाही. अख्ख्या सेक्टरने वाचलं. जिच्यासाठी लिहिलं, तिने नाही.

आणि मी तिच्या वस्तीवर गेलो केव्हा? अकरा दिवसांनी. अकरा दिवस मला वाटत होतं की फळ्यावर लिहिलं म्हणजे झालं. मी बहादूर झालो होतो. ऑफिसात आमच्यातली पोरं येऊन हात मिळवत होती. त्या नशेत अकरा दिवस गेले. गेलो तेव्हा खोलीला कुलूप होतं. दारावर खिळा होता, त्याच्याखाली चौकोनी स्वच्छ जागा. तिथे तसबीर असणार. शेजारीण म्हणाली, मुकादमाने टोळी उरणच्या बाजूला नेली, कुठल्या खाणीवर ते माहीत नाही.

मी शोधलं का? दोनदा. दोनदा म्हणजे शोधणं नव्हे.

मग ती एकदाच दिसली. चार वर्षांनी, उरणजवळ मोऱ्याच्या जेट्टीवर. ऑफिसच्या मोजणीच्या कामाने मी गेलो होतो, लाँचने मुंबईला निघालो होतो. जेट्टीवर लाँचच्या वेळांचा फळा होता आणि त्याच्यासमोर पाटीवाल्या बायकांचा घोळका. मधून आवाज आला, "बाराची न्हाई आज. भरती न्हाई. दीडला हाय. अगं बोर्ड कशापायी लावलाय, वाचा की!" मी आवाज ओळखला. केस पांढरे व्हायला लागले होते. ती वाचून दाखवत होती आणि बायका तिच्या भोवती होत्या.

माझ्यात आणि तिच्यात दहा पावलं. मी वाक्य जुळवत होतो. चार वर्षं जुळवलेलं वाक्य होतं, तरी नव्याने जुळवत होतो. तेवढ्यात ती वळली. तिने मला पाहिलं.

"साहेब, बरे हाय ना?"

"हो," मी म्हणालो. "बरं आहे."

ती थांबली. मी पुढे काही बोलेन म्हणून थांबली, हे मला तेव्हाही कळत होतं. मी घड्याळ बघितलं. का बघितलं? दीडला लाँच होती, अजून तासाहून जास्त वेळ पडला होता. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि बायकांबरोबर गावाच्या रस्त्याला लागली.

गेल्या महिन्यात मंडळाच्या नव्या सेक्रेटरीचा फोन आला. तरुण मुलगी, गोड बोलणारी. मंडळाची स्मरणिका निघते आहे. "काका, तुमच्या फळ्याच्या आठवणी द्या ना. दोन पानं, गोड गोड." मी हे सगळं लिहून पाठवलं. आठ दिवसांनी कागद परत आले. कपाच्या प्रत्येक उल्लेखाभोवती पेन्सिलीचा कंस होता, आणि वर लिहिलेलं, 'काका, एवढं गाळलं तर छान होईल.' मुलीचा दोष नाही. तिला कुणीतरी सांगितलं असणार.

मी कंस खोडरबराने काढले. मजकूर तसाच ठेवला. स्मरणिका छापणार नाही, तर आता हे इथे छापलं जाईल, आणि इथेही कुणी गाळा म्हणालं तर मी दुसरीकडे देईन. आणि कुठल्याही सभेत यापुढे अर्धं सांगणार नाही. कप काढून आणल्याच्या आधी तो चहा सांगेन. बशीतला चहासुद्धा. टाळ्या नकोत. एकदा मी पुसलं. आता या हाताने काही पुसणार नाही.

आणि जेट्टीवर जे बोलायचं होतं ते हे. तिच्यापर्यंत पोचेल की नाही ठाऊक नाही.

सुभद्राबाई, अक्षर तुमचं आहे, हे मी त्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. लिहिलंय ते खरं आहे, हे सांगितलं नाही.